हळदीचं पाणी आणि अक्काचा अंगठा

हैदराबादेहून निघताना आईनं मला दोन कामं सांगितली होती. अक्काचा हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, आणि तिला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणायचं की नाही ते ठरवून तार करायची. पहिलं काम कुणालाही जमलं असतं. दुसरं माझ्यावर सोपवण्याचं कारण एवढंच असावं की आमच्या घरात विज्ञान शिकलेली मी एकटी. मी इंग्रजी शाळेत शिकले, तिथे प्रयोगशाळा होती आणि माझ्या वहीवर लाल शाईनं शाबासकी पडत असे, हे आईला पाठ आहे. आता परत येऊन आठवडा झाला. जेवण चवीनं जातं, रात्री झोप लागते. म्हणून लिहायला बसले.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी तिला ताडकळसजवळच्या एका शेतकरी घरात दिली. घर मोठं, जमीन काळी, विहिरीवर दोन मोटा, आणि त्या पाण्यावर हळद. माघात हळद काढून शिजवतात. त्या चुलाणाला बाभळीचं सरपण लागतं. सरपण आत ओढून घेताना एक काटा अक्काच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरला. दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग अंगठा सुजला, पिकला, आणि तिला परभणीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चीर देऊन काट्याचं टोक काढलं, जखम धुतली आणि सांगितलं की पुढच्याच्या पुढच्या शनिवारी या. तोवर सूज उतरली नाही तर बाकीचा हात वाचवण्यासाठी अंगठा काढावा लागेल. हे भाऊजींनी पत्रानं कळवलं. पत्र वाचून आईला दम्याची उबळ आली, त्यामुळे तिचं येणं शक्यच नव्हतं. वडिलांचे एक चुलतभाऊ, आमचे काका, पेन्शनीत आहेत. ते सोबतीला आले.

पूर्णा

रेल्वेतून स्टेशनात उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. भाऊजी दमणी घेऊन आले होते. दमणी म्हणजे छत असलेली हलकी बैलगाडी. आत गवतावर घोंगडी अंथरलेली. टांग्यात बसायची सवय असलेल्या माणसाला हिच्यात कसं बसायचं ते कळत नाही. मी पाय खाली सोडून बसले, तर पुढच्या खाचेत माझी एक चप्पल गळून पडली आणि भाऊजींना मागे चालत जाऊन ती आणावी लागली. त्यांनी ती झटकून माझ्या शेजारी ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाटेत ते बैलांविषयी बोलत होते. मी बराच वेळ धीर गोळा करून विचारलं, अक्काचा हात कसा आहे?

"बघालच की तुमी," ते म्हणाले आणि पुन्हा बैलांकडे वळले.

जमीन काळीभोर, भेगाळलेली. मधूनच करडईचे काटेरी पट्टे, पिवळ्या-नारिंगी फुलांचे. ज्वारी उभी होती. एका शेतात भाऊजींच्या ओळखीच्या माणसानं गाडी थांबवून शेकोटीवर कणसं भाजली आणि हुरडा चोळून आमच्यापुढे ठेवला. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, काय घेणार? इथे विचारत नाहीत. ठेवतात, आणि खाईपर्यंत समोर बसून राहतात. काकांनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर इतका हुरडा खाल्ला की उरलेला रस्ता ते दमणीत आडवे होते. माझा वाटाही त्यांच्याच पुढे गेला होता.

ताडकळस

अक्का दारात उभी होती. जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात, तिच्यात उजवा हात. अंगठा मोठ्या लिंबाएवढा, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली.

"भाकरी थापायला सुटी मिळाली बघ, बेबी," ती म्हणाली. मी हसले नाही म्हणून तीच हसली.

तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणते. उंच, सडपातळ बाई, बोलणं कमी. तळहात वर्षानुवर्षांच्या हळदीनं पिवळे, धुतले तरी न जाणारे. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पण पितळीत ऊन पाणी आणून माझे पाय धुतले. लहान मुलीचे धुवावेत तसे नाही, माहेरवाशिणीचे धुवावेत तसे. मी एकोणीस वर्षांची आहे आणि माझे पाय आजवर कुणी धुतले नव्हते. कुठे पाहावं ते मला कळेना.

संध्याकाळी त्यांचा उपचार पाहिला. लोखंडी पळीत करडईचं तेल, त्यात मूठभर हळद. निखाऱ्यावर ती कडकडली की खाली उतरवून सोसेल इतकी निववायची, फडक्यावर थापायची आणि अंगठ्यावर बांधायची. डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली संपली होती, तेव्हापासून हे चाललं होतं. फडकं चुलीजवळच्या खुंटीवर टांगलेलं असे. जुन्या धोतराचं, आधीच्या डागांनी कडक झालेलं. आमच्या शाळेत आरोग्याच्या तासाला हेच शिकवलं होतं की घाण फडकं जखमेला विषासारखं. मी अक्काला ते इंग्रजीत सांगितलं. आम्ही बहिणी एकमेकींत इंग्रजीत बोलतो, लहानपणची खोड. मोठ्या माणसांसमोर तसं बोलू नये एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मावशींनी गाठ बांधली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुमी दोघी काय बोलायल्यात ते मला कळत न्हाई. पर बोट कुणाकडं हाय ते कळतं."

माझे कान तापले. अक्कानं काहीतरी सावरायचा प्रयत्न केला. मावशींनी तो मधेच थांबवला. "तुला जे कराया वाटतंय ते कर, बाई. शिकलेली हाईस. माझ्या सुनंचा हात बरा होऊ दे, मला दुसरं काय पायजे?"

त्या शब्दांत टोमणा होता की परवानगी, ते मला ठरवता आलं नाही. मी परवानगी धरली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी पाणी उकळलं, त्यात हळद घातली, पुन्हा उकळलं आणि हैदराबादेहून आणलेल्या मलमलीच्या चौपदरी तुकड्यातून गाळलं. पहिल्यांदा गढूळ आलं म्हणून दुसऱ्यांदा गाळलं, मग तिसऱ्यांदा. शेवटी फिकट सोनेरी, आरपार दिसणारं पाणी बाटलीत जमलं. मलमलीत उरलेला गाळ मी उकिरड्यावर टाकला. प्रयोगशाळेत आम्हांला असंच शिकवलं होतं. खाली उतरतं ते घ्यायचं, कागदावर उरतं ते फेकायचं. दिवसातून तीनदा त्या कोमट पाण्यानं मी अक्काचा हात धुतला आणि कोरी पांढरी पट्टी बांधली. पट्टी इतकी स्वच्छ दिसत होती की शेजारच्या बायका ती पाहायला आल्या. मावशी त्यांना माझ्याकडे हात करून सांगत, हैदराबादची रीत हाय.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी सकाळी पट्टी सोडली तर सूज तळहातात उतरलेली. अंग तापलेलं. मनगट वाकवताना अक्कानं ओठ दाबून धरले आणि मला म्हणाली, आज हलकं वाटतंय. ती लहानपणापासून अशीच खोटं बोलते. भाऊजी दारात येऊन पाहून गेले. उद्याच गाडी जुंपावी का, असं त्यांनी मावशींना हळू विचारलेलं मी ऐकलं. शनिवारच्या आधी जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मळा

दुपारी मावशींनी माझ्या हातात भाकरीची टोपली दिली आणि गड्यांबरोबर मळ्यात जायला सांगितलं. घरात बसून हाताकडं टक लावल्यानं हात बरा होत न्हाई, म्हणाल्या. टोपलीत ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी आणि ओल्या हळदीचं लोणचं होतं. ते मी तिथेच पहिल्यांदा खाल्लं. थोडं कडवट, थोडं मातीच्या वासाचं, तेलात मुरलेलं. तेल केशरासारखं झालं होतं.

विहिरीपलीकडे जमिनीत खणलेलं चुलाण आणि त्यावर माणूस आत बसू शकेल एवढी कढई. कढईच्या कडेला कुंकवाची बोटं ओढलेली. आत हळदीचे गड्डे आणि हळकुंडं पाण्यात बुडवून वर हळदीचाच पाला झाकलेला, त्याच्यावर गोणपाट. वाफेचा वास दूरपर्यंत येत होता. कढईवर गंगाबाई नावाची एक म्हातारी होती. हळद केव्हा उतरवायची हे तिच्याशिवाय कुणी ठरवत नसे, भाऊजीसुद्धा नाही. ती एक हळकुंड बाहेर काढी, गवताची काडी टोचून पाही, आरपार गेली की मान हलवी.

बायका शिजलेली हळद पाट्यांनी उचलून उन्हात पसरत होत्या. मीही हात लावला, काहीतरी करायचं म्हणून. थोड्याच वेळात माझी बोटं, पदर आणि पांढरे पायमोजे पिवळे झाले. पायमोजे घालून मळ्यात आलेली बाई त्यांनी आधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्या वाटच पाहत होत्या.

"बेबीताईला हळद लागली की," एक म्हणाली. "नवरदेव कुठाय?"

"त्यो इंग्रजीत शोधायलेत," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात कढई उतरवली. गड्यांनी आतलं पाणी पाटात सोडून दिलं. मी पाहत राहिले. दुपारभर उकळलेलं पाणी, एवढ्या हळदीचं, आणि रंग फक्त गवताच्या चहासारखा. हळकुंडं मात्र मोडली की आत गर्द नारिंगी. मी गंगाबाईला विचारलं, पाण्यात रंग उतरत नाही का?

मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं असावं. "पाण्यात उतरली असती तर आमी हळद कशाला इकली असती, बाई? पाणीच इकलं असतं."

बायका पुन्हा हसल्या. मी हसले नाही. माझ्या बाटलीतलं पाणी अगदी याच रंगाचं होतं.

घरी येऊन पायमोजे धुवायला घेतले. साबण लावताच पिवळे डाग रक्तासारखे लाल झाले. हे पाहून घाबरायचं कारण नव्हतं, कारण हाच लाल रंग मी शाळेत पाहिला होता. हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आमच्या टेबलावर असत. सोड्याच्या पाण्यात घातल्या की त्या लाल होत. त्या पिवळ्या द्रव्याचं नावही वहीत लिहिलेलं होतं, कर्क्युमिन. आणि त्या पट्ट्या आम्हीच बनवत असू. कशात भिजवून? पाण्यात नाही. आमच्या बाई हळद स्पिरिटमध्ये घालत. पाण्यात ती विरघळत नाही, म्हणून. हे मी वहीत लिहिलं होतं, त्यावर शाबासकी मिळवली होती आणि विसरले होते.

काकांच्या चहासाठी आणलेल्या स्टोव्हबरोबर स्पिरिटची बाटली होती. मी ओसरीवर तीन वाट्या मांडल्या. एकीत पाणी, एकीत करडईचं तेल, एकीत थोडं स्पिरिट. तिन्हींत चिमूटभर हळद. स्पिरिट क्षणात भडक पिवळं झालं. तेल हळूहळू, ऊन केल्यावर, लोणच्याच्या तेलासारखं. पाण्यात हळद ढवळली तोवर फिरली आणि मग निमूट तळाशी जाऊन बसली. वरचं पाणी नावालाच पिवळं. तळाशी बसलं ते मी तीन दिवस उकिरड्यावर टाकत होते.

मावशी चुलीशी होत्या. मला कुणाची क्षमा मागायची वेळ आली की वाक्यच सापडत नाही. शेवटी म्हणाले, "मावशी, औषध मी गाळून टाकून दिलं. पाण्यात काहीच नव्हतं."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. मी तिन्ही वाट्या आणून दाखवल्या. त्या वाकून पाहत राहिल्या.

"आमी कंदीच हळद गाळत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू गाळलीस तवा मला वाटलं, शाळंत तसं असंल. शिकलेल्या माणसाला कसं टोकावं?"

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तोही स्वतःचा हात आखडून घेऊन.

मग त्यांनी खुंटीवरचं फडकं काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि चुलीत घातलं. "हे मातर तुला घाण वाटलं ते खोटं न्हाई. दे तुजी पट्टी."

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघींनी मिळून केलं. मी पट्ट्या उकळायच्या, मिठाच्या ऊन पाण्यात अक्काचा हात बराच वेळ बुडवून धरायचा, स्वतःचे हात आधी धुवायचे आणि मावशींनाही धुवायला लावायचे. त्यांनी तेलातली हळद करायची आणि ऊन ऊन थापायची. त्यांनी पोखर्णीच्या नृसिंहाला नवसही बोलला. मनात मीही एक बोलले.

बुधवारी दिवस चढताना पट्टी सोडली तर जखम फुटलेली होती. पू वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एक काळं बारीक कुसळ बाहेर आलं, तिळाहून थोडं लांब. काट्याचाच उरलेला तुकडा. अक्का मोठ्यानं रडली, आणि मग तशीच झोपली, दुपार उलटेपर्यंत. गुरुवारी ताप नव्हता. शुक्रवारी मनगट वाकलं.

परभणी

शुक्रवारी दवाखान्याला सुटी, म्हणून शनिवार. आम्ही आदल्या दिवशीच निघून भाऊजींच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी व्हरांड्यात जाऊन बसलो. डॉक्टर वयस्कर, अचकन घातलेले, डोक्यावर लाल रूमी टोपी. त्यांनी पट्टी सोडली, अंगठा दाबून पाहिला, मग आपलं बोट पुढे करून अक्काला ते धरायला सांगितलं. तिनं धरलं. जोरानं, म्हणाले. तिनं जोर लावला. तिच्या कपाळावर घाम आला, पण तिनं सोडलं नाही.

डॉक्टर मावशींकडे वळले. "अंगूठा काटने की जरूरत नै, अम्मा."

मावशी व्हरांड्याच्या पायरीवर एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. भाऊजी बैलांना पाणी दाखवायला म्हणून बाहेर गेले. बैल नातेवाइकांच्या अंगणात होते. काका तेवढे जागेवर राहिले आणि त्यांनी डॉक्टरांना दोनदा आदाब केला.

मी परक्या पुरुषाशी आपणहून कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले. तोडक्यामोडक्या उर्दूत मी त्यांना पाणी, तेल, स्पिरिट, सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा, आणि विचारलं की हळदीनंच हे झालं का?

त्यांनी हसून चष्मा पुसला. "पानी में तो ये घुलतीच नै, बीबी. तेल में घुलती. पन घाव किससे भरा, ये मेरे कू नै मालूम."

काटा निघाला ही मोठी गोष्ट, ते म्हणाले. ऊन शेकानं तो वर आला असेल. स्वच्छ पट्टीचा हात असेल. हळद जखमेला चांगली म्हणतात ते पिढ्यान्‌पिढ्या पाहून म्हणतात, त्यात तथ्य असावं, पण किती ते अजून कुणी नीट मोजलेलं नाही. मावशींनी मधेच विचारलं, दुधातून देते मी रोज, ती चालते का? द्या, ते म्हणाले, नुकसान नाही. फक्त पोटात गेलेल्यातलं रक्तात किती पोचतं ते सांगता येत नाही. मात्र पुन्हा पिकलं तर हळदीच्या भरवशावर घरी बसू नका, सरळ इकडे या. मला ते उत्तर आवडलं. शाळेत कुणी इतक्या वेळा 'माहीत नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तिथून तारघरात जाऊन आईला तार केली. अंगठा शाबूत, अक्का येत नाही, मी येते. बाबूनं ती वाचून मला विचारलं की पहिलं वाक्य बरोबर आहे ना. मी म्हटलं, अगदी बरोबर आहे.

पोखर्णी

नवस लगेच फेडायचा, असं मावशींनी ठरवलं. रविवारी पहाटे दमणी दक्षिणेला निघाली. तो रस्ता मला सगळ्या प्रवासात सर्वांत सुंदर वाटला, आणि त्यात रस्त्याचा गुण किती आणि माझ्या मनाचा किती, हेही डॉक्टरांच्या हळदीसारखंच. ज्वारीवर पाखरं उतरली होती, माळ्यांवरून लोक हाकारे देत होते. अक्का गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. काका गाडी हाकणाऱ्या भाऊजींना हैदराबादच्या इराणी चहाबद्दल सांगत होते. मला भूक लागली. आठवडाभरात पहिल्यांदा, खरीखुरी.

दर्शन झालं. देवळाबाहेर लिंबाखाली बसून धपाटे आणि दही खाल्लं. मी पाच धपाटे खाल्ले आणि सहावा मावशींनी न विचारता ठेवला. मीही नको म्हटलं नाही. इथून आमच्या वाटा वेगळ्या होणार होत्या. काका आणि मी भाड्याच्या टांग्यानं परभणीला परतून हैदराबादची गाडी धरणार, बाकीचे ताडकळसला.

निघताना मावशींनी पिशवीतून करंडा काढला. माझ्यापुढे आल्या, मग थांबल्या आणि तो अक्काकडे धरला.

"तूच लाव तिला."

अक्कानं सवयीनं डावा हात पुढे केला. मावशींनी मान हलवली. तेव्हा तिनं झोळीतून उजवा हात काढला. अंगठ्याच्या बुडाशी नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ. तो नीट वाकत नव्हता. तिनं करंड्यात बोटं घातली आणि अंगठा हळूहळू तर्जनीपर्यंत आणला. आम्ही सगळे त्या हाताकडे पाहत होतो, टांगेवालासुद्धा. हळदीची चिमूट उचलली गेली. थोडी वाटेत सांडली. उरलेली तिनं माझ्या कपाळावर ठेवली, आणि मग न सांगता करंड्याच्या दुसऱ्या खणातून कुंकवाची दुसरी चिमूट घेतली.